सहमत, असहमत, हरकत नाही

आवाजाआधी त्याला खोकला ओळखू आला. फोन उचलायचा, लगेच बोलायचं नाही, आधी घसा साफ करून घ्यायचा, पलीकडे एक माणूस नसून अख्खी सभा बसली आहे अशा थाटात, आणि मग सावकाश, भारदस्त 'हॅलो'. असा फोन घेणारा माणूस त्याच्या माहितीत जगात एकच होता आणि तो त्याचा बाप होता. दुपारची वेळ. जेवणानंतरची सुस्ती सगळ्या मजल्यावर पसरलेली. आपल्या काचेच्या खुराड्यात तो नेहमीसारखा हेडफोन लावून बसला होता आणि नेहमीसारखाच कुणाच्या नकळत एका लाइनवर शिरला होता. शिरणं हेच त्याचं काम. बाहेर रांगांनी बसलेली माणसं दिवसभर अनोळखी लोकांना फोन लावून त्यांची मतं विचारत, आणि ती नीट विचारतात की नाही हे तो चोरून ऐकत असे. चोरून म्हणजे अगदी नियमानं चोरून. त्याच्या हेडफोनला बोलायची सोयच नव्हती; ऐकणाऱ्याला मध्येच तोंड घालायचा मोह नको, म्हणून कंपनीनं ती मुळातच दिली नव्हती. माघारी सगळे त्याला 'कान' म्हणत. 'हळू बोल, कान आत आहे.' त्याला ते ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं, ऐकू येतंच की.

नंबर कुणी निवडत नसे. यंत्र डोळे मिटून हात घालायचं आणि जो हाताला लागेल तो लावायचं. आज त्याच्या हाताला लागला बाबांचा जुना, वायरवाला फोन, पलंगाशेजारच्या स्टुलावरचा. 'काढून टाका आता तो, कोण करतंय त्याच्यावर?' असं त्यानं बाबांना हजारदा सांगितलं असेल. 'असू दे रे, कुणाचा आलाच तर,' असं बाबा म्हणत. आला, घ्या! आता नियम असा होता, की लाइनवरचा माणूस ओळखीचा निघाला तर ऐकणाऱ्यानं त्याच क्षणी बाहेर पडायचं आणि ती मुलाखत रद्द करून टाकायची. नव्यानं भरती झालेल्यांना हा नियम तोच शिकवायचा, बोट वर करून, दोनदा. त्याचा हात बटणाकडे गेलाही. पण तेवढ्यात चष्मेवालीनं सुरुवात केली. ही मधल्या रांगेतली बाई, चाळिशी उलटलेली, आवाज मऊ, आणि समोरच्याशी गप्पा मारायची वाईट खोड. याबद्दल तिला त्यानं लाल शेरे दिले होते.

'...आणि आपलं बोलणं आमचे वरिष्ठ ऐकत असू शकतात. चालेल ना?'

'कोण ऐकतं म्हणालात?'

'आमचे साहेब. कधीमधी.'

'ऐकू द्या की. कुणीतरी ऐकतंय हे काय वाईट आहे? विचारा तुम्ही. मला वेळच वेळ आहे.'

बटणावरचं बोट बटणावरच राहिलं. हे बाबा कोण? हा उमेदीचा, थट्टेखोर, खुर्ची पुढे ओढून बसणारा आवाज त्यानं कधीपासून ऐकला नव्हता. त्याच्या वाट्याला जे बाबा येत ते रविवारचे. गोळ्या घेतल्या? घेतल्या. पाणी आलं होतं? आलं होतं. झोप? झाली. असं सगळं तपासून झालं की तो चपला घालायचा. बाबाही कधी विचारत नसत. 'तू नक्की काय करतोस रे ऑफिसात?' असं एकदाच विचारलं होतं, तेव्हा तो 'तपासणीचं काम' म्हणाला होता आणि बाबांनी मान हलवली होती. आता ती मान हलवणं त्याला आठवलं.

चष्मेवालीनं प्रश्न वाचला. सगळ्या जगाला लागू होणारे निर्णय ज्या जागतिक संस्थांमध्ये घेतले जातात, तिथे सामान्य लोकांनी थेट निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत. या मताशी तुम्ही पूर्ण सहमत आहात, काहीसे सहमत, तटस्थ, काहीसे असहमत की पूर्ण असहमत? हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातला अर्थ घासून घासून गुळगुळीत झाला होता. हाच प्रश्न म्हणे कितीतरी देशांत, कितीतरी भाषांत याच दिवसांत विचारला जात होता. कुणासाठी, हे या मजल्यावर कुणालाच माहीत नव्हतं. आकडे वर जात, वरून आणखी वर जात. लोकांची उत्तरं तर काय सांगावीत. 'मलाच निवडून द्या, मी मोकळाच आहे.' 'अहो दूध उतू जातंय, जगाचं नंतर.' 'आमच्या गल्लीतला दिवा लावायला सांगा आधी त्या जगाला.' पण चेष्टा करून झाली की बहुतेक माणसं जरा थांबत आणि 'सहमत' म्हणत. हे त्याला चमत्कारिक वाटे. ज्यांना आपल्या वॉर्डातून कोण निवडून आलंय ते सांगता येत नव्हतं, त्यांनाही हवेबद्दल, समुद्राबद्दल, लढायांबद्दल आपल्या वतीनं तिकडे कुणीतरी बोलावं असं वाटत होतं. त्याला स्वतःला काय वाटत होतं? हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मत असणं हे त्याच्या नोकरीत बसतच नव्हतं, आणि नोकरीत बसत नाही ते हळूहळू घरीही बसेनासं होतं.

'थांबा,' बाबा म्हणाले. 'प्रतिनिधी म्हणजे कोण म्हणता तुम्ही?'

'मी प्रश्न पुन्हा वाचू का?'

'वाचू नका, कळला. मी एवढंच म्हणतो, तो आम्हाला विचारून जाणार का? आणि परत येऊन सांगणार का, की तिकडचाच होऊन जाणार?'

बाबा बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते, आणि मालकांशी बोलायला भट्टीवाल्यांनी त्यांना निवडून दिलं होतं. एकदा नव्हे, दर वेळी. बोलणी असली की आदल्या दिवशी बाबा एकेका माणसाकडे जात. 'तुझं काय म्हणणं?' त्या धगीत, त्या खडखडाटात, कानाशी तोंड नेऊन. एकालाही सोडत नसत, जो त्यांना शिव्या घालायचा त्यालाही नाही. आणि बोलणी झाली की दरवाजासमोर उलट्या ठेवलेल्या खोक्यावर उभं राहून सगळं सांगत. हरून आले असले तर जास्तच सविस्तर. त्या दरवाजाबाहेर तो, दहा-अकरा वर्षांचा, भुकेनं कावलेला, बाबा कधी एकदा खोक्यावरून उतरतात याची वाट बघत उभा असायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, अरे कशाला त्या प्रत्येकाला विचारत बसायचं? तुम्हाला कळतं ना, मग ठरवा आणि मोकळे व्हा. घरीही तेच. भिंतींना रंग कुठला, सुटीत जायचं कुठे, सगळ्याला हात वर. आई वैतागायची, 'माणसं चार आणि पक्ष पाच! आता स्वयंपाकालाही मतदान घ्या, आणि निकाल लागेपर्यंत राहा उपाशी.' त्याला भिंती हिरव्या हव्या होत्या. ताई बाबांच्या बाजूला गेली आणि भिंती पिवळ्या झाल्या. तो रुसून गॅलरीत जाऊन बसला तेव्हा बाबा शेजारी येऊन बसले आणि पिवळाच का, हे त्याला कितीतरी वेळ सांगत राहिले. 'जाऊ दे ना बाबा, जिंकलात तुम्ही.' 'जिंकलेल्याला काय सांगायचं? हरलेल्याला सांगावं लागतं रे.' तेव्हा त्याला ते शुद्ध पाल्हाळ वाटलं होतं.

मग आई गेली. मग बाबा न्हाणीघरात पडले. ओल्या फरशीवर सकाळभर पडून होते. उठता येत नव्हतं म्हणून प्लास्टिकचा मग फरशीवर आपटत होते, आणि शेजारणीला ते कुणीतरी खिळा ठोकतंय असं वाटत होतं. शेवटी तिनंच दार उघडवलं. हाड मोडलं नाही, नशीब. पण तेव्हापासून त्याच्या डोक्यात काहीतरी मोडलं होतं. अवेळी फोन वाजला की त्याला त्या प्लास्टिकच्या मगाचं आपटणं ऐकू येऊ लागे. मीटिंगमध्ये, जेवताना, बायकोशी बोलताना मध्येच, ठक ठक ठक. बाबांना स्वतःकडे आणावं, तर दीड खोलीत तो, नर्सची पाळ्यांची नोकरी करणारी बायको आणि अभ्यासाला कोपरा शोधणारी मुलगी. ताईनं तिच्या गावात वृद्धांसाठी एक निवास शोधून काढला होता. स्वच्छ, उजेडाची खोली, हाताशी डॉक्टर, ताई हाकेच्या अंतरावर. बाबांची इथली जागा सोडून द्यायची. निवासवाल्यांना होकार आज संध्याकाळपर्यंत हवा होता, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार होती. 'बाबांना विचारलंस ना?' ताईनं विचारलं होतं. 'बोललो,' तो म्हणाला होता. आणि बोलला होताही, गळणाऱ्या नळाबद्दल. 'मान्य आहे त्यांना.' हे तोंडातून इतकं सहज निसटलं, की ते खोटं आहे असं त्याला वाटलंही नाही. बाबांना काय मान्य होईल हे त्याला ठाऊक नव्हतं का? मुलगाच होता ना तो.

पुढचा प्रश्न होता, तुमच्या आयुष्यावर परिणाम करणारे निर्णय घेताना तुमचं म्हणणं कितपत ऐकलं जातं? नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित की कधीच नाही?

'कधीच नाही, लिहा,' बाबा म्हणाले आणि हसले. 'नको, थांबा. खोटं नको. चहा कधी टाकायचा ते माझं मीच ठरवतो. क्वचित लिहा.'

चष्मेवाली हसली. हसायला परवानगी नव्हती. त्यानं सवयीनं पेन उचललं आणि खाली ठेवलं.

'त्याचं काय आहे, आमच्यात माझ्या वतीनं माझा मुलगा बोलतो,' बाबा सांगत होते. 'चांगला बोलतो. डॉक्टरांशी, बँकेत, माझ्या मुलीशी. डॉक्टर विचारतात, काय आजोबा, कसं वाटतंय? की हा सांगतो, बरं वाटतंय त्यांना. मी बसलेला असतो शेजारी. आता मला इथून हलवणार आहेत. सांगितलं नाहीये अजून, पण कळतं हो. रविवारी आला तर नजरेनं कपाटं मोजत होता. माझ्याकडे बघतच नव्हता.'

या जागी 'धन्यवाद, आता पुढचा प्रश्न' असं म्हणायचं असतं. चष्मेवाली ते म्हणाली नाही. काचेपलीकडे, तिसऱ्या खुर्चीवर, त्याला तिची वाकलेली मान दिसत होती.

'मग, तुम्हाला जायचंय का?' तिनं विचारलं.

तो उठून उभा राहिला. हेडफोनची वायर ताणली गेली तसा पुन्हा बसला. हा प्रश्न पाहणीत कुठेही नव्हता. थांब बाई, असं त्याला ओरडायचं होतं, आणि ओरडता आलं असतंही. पण काचेबाहेर ते कुणालाच ऐकू गेलं नसतं.

'नाही,' बाबा म्हणाले. घसा साफ न करता. 'मला नाही जायचं. इथं सकाळी खिडकीत बसलं की येणारा-जाणारा हाक मारतो. भट्टीवरचे दोघं अजून आहेत, येऊन भांडून जातात. पडलो तर पडलो. पडायची भीती मला नाही हो, त्याला आहे. आणि त्याची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही.'

'मग सांगा ना त्यांना तसं.'

'विचारलं तर सांगेन की. पण त्याला विचारता येत नाही. तो येतो तो उत्तर घेऊनच येतो. जाऊ दे. तुमचं जगाचं राहिलं बघा. पूर्ण सहमत लिहा. आणि खाली लिहा, विचारून जाणार असेल तर.'

'खाली लिहायला जागा नाहीये, आजोबा.'

'मग नुसतं सहमत लिहा.'

फोन बंद झाल्यावरही तो हेडफोन लावूनच बसला. कान तापले होते. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त राग येत होता, बाबांचा. आयुष्यभर सभा गाजवणारा माणूस, पोटच्या पोराशी दोन वाक्यं बोलत नाही आणि फोनवरच्या परक्या बाईपुढे सगळं मोकळं करतो? आणि म्हणे, विचारता येत नाही! ज्याची भाकरीच विचारण्यावर चालते त्याला? इतक्यात काचेवर टकटक झाली. चष्मेवाली दारात उभी होती.

'साहेब, माझं चुकलं. तुम्ही ऐकलंत की नाही माहीत नाही, पण मीच सांगते. एका आजोबांशी जास्तीचं बोलले मी. द्या लाल शेरा.'

'बरं.'

ती गेली नाही. 'त्यांच्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं हो.'

'आपल्याला सांगता येत नाही. कुणी काय उत्तर दिलं ते बाहेर जात नाही.'

'हो, ते आहेच.' तिनं चष्मा काढून पदराला पुसला. 'कसला असेल हो मुलगा?'

'असेल कामात,' तो म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं मुलाखत रद्द करायला घेतली. कारण निवडायचं होतं. 'ओळखीची व्यक्ती' निवडलं असतं तर शेवटपर्यंत का ऐकलंत, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. त्यानं 'प्रश्नाबाहेरचं बोलणं' निवडलं. चष्मेवालीच्या नावापुढे आणखी एक लाल खूण उमटली आणि जगभरच्या सहमतांमधून एक सहमत कमी झाला. एवढ्या मोठ्या आकड्यात तो कुणाच्या लक्षातही येणार नव्हता. सगळं नियमाला धरून झालं होतं. नियमाला धरून झालं की त्याला नेहमी बरं वाटायचं. आज ते बरं वाटणं काही केल्या येईना.

कामावरून तो थेट बाबांकडे निघाला. वाटेत सिग्नलपाशी उभं राहून त्यानं प्रश्न तयार केला. हे तर त्याचं राज्य होतं. एका बाजूला कलणारा प्रश्न नको, उत्तर सुचवणारा नको, दोन गोष्टी एकात नकोत. 'बाबा, यापुढे तुम्हाला कुठे राहायला आवडेल?' बस्स, एवढंच. मग गप्प बसायचं, मध्ये बोलायचं नाही. त्यानं ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. शेजारच्या माणसानं वळून बघितलं. बाबा 'इथेच' म्हणाले तर? म्हणाले तर म्हणाले. ताईला तसं सांगू. काहीतरी सोय बघू, दिवसाची बाई ठेवू, न्हाणीघराला दांडे लावू. सिग्नल सुटला तेव्हा त्याला खरंच हलकं वाटत होतं.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. 'आज कसा काय? आज रविवार नाही.'

'सहज आलो.'

'बस. चहा टाकू?' म्हणून बाबा उठले, आणि उठताना खुर्चीचा हात धरून क्षणभर तसेच वाकलेले राहिले. बस, तेवढंच. पुढे सरळ झाले, हसले देखील. पण मागे न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं, फरशी ओली होती, आणि त्याच्या डोक्यात ते ठक ठक सुरू झालं.

'चहा नको, तुम्ही बसा आधी. बसा म्हणतो ना!' बाबा बसले. 'बाबा, ताईच्या गावात एक जागा आहे. निवास. चांगली आहे हो, उजेड आहे, डॉक्टर तिथेच, ताई रोज येईल. मी पण येत जाईन. इथं तुम्ही एकटे, मला कामात लक्ष लागत नाही, खरं सांगतो, माझा जीव टांगणीला लागलेला असतो. आज त्यांना हो किंवा नाही कळवायचंय. तुमची काही हरकत नाही ना?'

बोलून झालं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. ऑफिसात रांगेतल्या कुणी असा प्रश्न विचारला असता तर त्यानं त्याला खुर्चीवरून उठवलं असतं.

बाबांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, घामाकडे बघितलं, गुडघ्यावर आवळलेल्या मुठीकडे बघितलं.

'हरकत कसली,' ते म्हणाले.

आणि वाट बघत राहिले. वाटच बघत होते. त्याला शपथेवर सांगता आलं असतं. अजून एक प्रश्न विचारायला भरपूर जागा होती, तीही बाबांनीच करून दिली होती. शब्द जिभेवर तयार होते, सिग्नलपाशी तयार केलेले, एकही चूक नसलेले. पण ते उच्चारले तर 'नाही' येणार, हे त्याला माहीत होतं. ते माहीत नसतं तर कदाचित विचारलंही असतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ताई.

'काय झालं? विचारलंस का?'

'विचारलं. हरकत नाही म्हणाले.'

'हरकत नाही?' खोली लहान आणि ताईचा आवाज पहिल्यापासून खणखणीत. सगळं फोनबाहेर ऐकू येत होतं. 'एवढंच? बाबा एवढंच म्हणाले? त्यांनी काही विचारलं नाही, वाद घातला नाही? मला पटत नाही बाई. तिथेच आहेस ना? दे जरा त्यांना फोन. मीच विचारते नीट.'

बाबांनी हात पुढे केला. पूर्ण नाही, अर्धाच, पंजा उघडा.

फोन कानापासून काढून त्या पंजावर ठेवायचा होता, बाकी काही नाही.

'झोपलेत ते,' तो म्हणाला.

'आत्ता? अजून उजेड आहे की.'

'गोळी घेतलीय. झोप लागलीय.'

'बरं, मग उठवू नकोस,' ताई म्हणाली. 'मी कळवते त्यांना, हो म्हणून.'

बाबांचा हात पुन्हा खुर्चीच्या हातावर गेला. ते थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले, रागानं नाही. मग त्यांनी मान मागे टेकवली आणि डोळे मिटून घेतले.